शाळेच्या परवानगीतील अटींबाबत आपण घेतलेल्या आक्षेपांना उत्तर

आदरणीय शेजारी,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या शाळेविषयी लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला आणि त्यातील प्रत्येक आक्षेप मूळ परवानगीपत्र समोर ठेवून पडताळून पाहिला. निवासी विभागात शाळा चालवण्याची परवानगी ज्या अटींवर मिळाली, त्या अटी आम्ही पाळत नाही, असे आपले म्हणणे आहे. मंजूर संख्येपेक्षा जास्त मुले, शाळा सुटताना आपल्या फाटकासमोर लागणारी गाड्यांची रांग, मैदानावरचा ध्वनिक्षेपक, संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी होणारे कार्यक्रम आणि इमारतीमागची शेड, असे पाच मुद्दे आपण मांडले आहेत. संबंधित अधिकारी शाळेला पाठीशी घालतात, असेही सुचवले आहे. आक्षेप सर्वांसमोर घेतले गेले आहेत, म्हणून उत्तरही सर्वांसमोर देत आहे.

हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. निवासी विभागात शाळेला मिळणारी परवानगी सहसा सशर्त असते. लोकांना शाळा घराजवळ हवी असते, पण तिच्यामुळे होणारी वर्दळ आणि आवाज आसपासच्या घरांना सोसवेल इतपतच असावा लागतो. या दोहोंचा मेळ घालण्यासाठीच विद्यार्थिसंख्या, वेळा, वाहनतळ, आवाज आणि दिवे यांवर अटी घातल्या जातात. पुष्कळ ठिकाणी त्या मालकाला नव्हे तर जागेच्या वापराला लागू असतात, म्हणजे व्यवस्थापन बदलले तरी त्या कायम राहतात. त्या शेजाऱ्यांच्या हितासाठी घातलेल्या असल्यामुळे त्या पाळल्या जातात की नाही हे शेजाऱ्यांनी पाहणे स्वाभाविक आहे. आमच्या काही पालकांनी 'शेजाऱ्यांना काय करायचे आहे' असा सूर माझ्याशी बोलताना लावला होता. तो मला मान्य नाही आणि तसे मी त्यांना सांगितले आहे.

प्रथम विद्यार्थिसंख्येविषयी. प्रवेशाच्या माहितीपत्रकात शाळेचा पट ४१० दिला आहे आणि परवानगीत २४० ची मर्यादा आहे, हे दोन आकडे शेजारी ठेवून आपण निष्कर्ष काढला. परंतु अटीचे शब्द 'एका वेळी आवारात उपस्थित विद्यार्थी' असे आहेत. शाळा दोन सत्रांत भरते आणि कोणत्याही सत्राचा पट मर्यादेच्या आत आहे. प्रसाधनगृहे, जिन्यांची रुंदी, आपत्काळी बाहेर पडण्याचे मार्ग हे सारे एका वेळी आत किती माणसे आहेत यावरून ठरते, म्हणून मर्यादाही त्याच पद्धतीने घातलेली आहे. घोटाळा होऊ शकतो तो सकाळचे सत्र सुटून दुपारचे भरण्याच्या वेळी, कारण एका बाजूने मुले बाहेर पडत असतात आणि दुसऱ्या बाजूने आत येत असतात. म्हणूनच आम्ही दोन सत्रांमध्ये ४० मिनिटांचे अंतर ठेवतो आणि सकाळच्या शेवटच्या वर्गाची मुले पालकांच्या हवाली होईपर्यंत दुपारच्या मुलांना आत घेत नाही. प्रत्येक सत्राचा हजेरीपट कार्यालयात असतो. त्यात मुलांची नावे असल्यामुळे तो मी सार्वजनिक करू शकत नाही, मात्र वर्गवार उपस्थितीचे आकडे आपल्याला केव्हाही पाहता येतील.

तरीही या मुद्द्यातला एक भाग शिल्लक राहतो. दोन सत्रे म्हणजे दिवसातून दोनदा सोडणे आणि दोनदा नेणे, आणि रस्त्यावर ताण येतो तो एकूण फेऱ्यांचा. परवानगीच्या अर्जासोबत सादर केलेल्या वाहतुकीच्या अभ्यासात दोन्ही सत्रे धरलेली होती, त्यामुळे प्राधिकरणापासून काही लपवले गेलेले नाही. पण कागदावर धरलेली वर्दळ आणि आपल्या फाटकासमोर उभी राहणारी गाडी यांत फरक आहे, म्हणून रांगेविषयी मी अधिक विस्ताराने लिहीत आहे.

रांगेत उभी असलेली एक मोटार, पुढच्या गाडीपासूनचे अंतर धरून, साधारण ७ मीटर जागा घेते. आमच्या आवारातील रस्ता सुमारे १०० मीटर लांबीचा आहे, म्हणजे त्यावर १४ गाड्या मावतात. सकाळी एवढी जागा पुरते, कारण मूल उतरले की गाडी लगेच निघते आणि रांग सतत पुढे सरकत राहते. सुटण्याच्या वेळी मात्र पालक घंटेच्या आधीच येऊन थांबतात. घंटा होईपर्यंत एकही गाडी हलत नाही, आणि पंधरावी गाडी फाटकाबाहेर, म्हणजे आपल्या दारासमोर, उभी राहते. पावसाच्या दिवसांत पायी किंवा सायकलने जाणारी मुलेही गाडीने न्यायला येतात तेव्हा ही रांग आणखी वाढते. रांग सार्वजनिक रस्त्यावर येऊ नये अशी परवानगीत अट आहे, त्यामुळे या बाबतीत आपली तक्रार केवळ गैरसोयीची नसून अटीचीच आहे, आणि ती रास्त आहे.

आवारातील रस्ता रुंद करावा, असे आपण सुचवले आहे. त्यावर आम्ही विचार केला, परंतु त्याने मूळ कारण दूर होत नाही. जागा वाढली की पालक आणखी लवकर येऊन थांबतात, असा अनुभव बहुतेक शाळांना येतो. गाड्या किती येतात यापेक्षा त्या एकदम येतात, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आता प्रत्येक सत्र तीन तुकड्यांत, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडले जाते. भावंडे एकाच तुकडीत ठेवली आहेत, नाहीतर एका मुलाला घेऊन दुसऱ्यासाठी गाडी तिथेच थांबली असती आणि सगळी योजना फसली असती. गाडीच्या पुढच्या काचेवर तुकडीचा रंगीत कागद लावलेला असतो. वेळेआधी आलेल्या गाडीला फाटकावरचा कर्मचारी आत घेत नाही आणि बाहेर थांबूही देत नाही. तिला फेरी मारून यावे लागते. हे काही पालकांना जाचक वाटते. ज्यांनी नियम वारंवार मोडला, त्यांना लेखी समज दिली आहे. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची गाडी यायची वेळ आली तर आपले फाटक मोकळे असणे ही शिष्टाचाराची नव्हे, जिवाची गोष्ट आहे, आणि त्यापुढे कुणाची दहा मिनिटे मोठी नाहीत.

आवाजाचा मुद्दाही सविस्तर पाहण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक मूल्यांनुसार निवासी भागात घराबाहेर दिवसा सरासरी ५५ डेसिबलपर्यंतचा आवाज ही गंभीर त्रास टाळण्याची मर्यादा मानली आहे, आणि खेळाच्या वेळी शाळेच्या मैदानावर बाहेरून येणाऱ्या आवाजासाठीही तोच आकडा दिला आहे. हे मूल्य सरासरी आहे. एखाद्या क्षणी मोबाइलवर दिसलेला कमाल आकडा आणि सरासरी यांची थेट तुलना करता येत नाही, म्हणून आपण दिलेल्या नोंदीवरून अट मोडली असे सिद्ध होत नाही. मुलांच्या खेळण्याच्या आवाजाकडे काही देशांत वेगळ्या दृष्टीने पाहिले जाते. जर्मनीने २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पाळणाघरे आणि खेळाची मैदाने येथील मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे हानिकारक मानू नये, असे ठरवले. मला ती भूमिका योग्य वाटते. मधल्या सुट्टीत मुलांनी गप्प राहावे, असे मी त्यांना कधीही सांगणार नाही.

ध्वनिक्षेपकाला मात्र हे समर्थन लागू पडत नाही. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. मैदानाच्या टोकाला एकच मोठा भोंगा लावला, तर शेवटच्या ओळीतील मुलाला ऐकू यावे म्हणून तो इतका मोठा करावा लागतो की कुंपणापलीकडे राहणाऱ्यांना तो सर्वांत आधी ऐकू येतो. आता त्याऐवजी मुलांच्या जवळ, इमारतीकडे तोंड केलेले लहान ध्वनिक्षेपक बसवले आहेत, आणि कवायतीच्या सरावाला संगीत लागत नसेल तेव्हा शिट्टीवर काम भागवले जाते.

संध्याकाळच्या कार्यक्रमांविषयी थोडक्यात सांगते. शाळेचे सभागृह आम्ही बाहेरच्या कोणालाही भाड्याने देत नाही. परवानगीत त्याला मनाई आहे. सुट्टीच्या दिवशी होणारा संगीताचा वर्ग आमच्याच विद्यार्थ्यांचा असतो, आमचेच शिक्षक तो घेतात आणि तो पूरक उपक्रमांसाठी मंजूर असलेल्या वेळेत संपतो. त्यानंतर दिसणारे दिवे साफसफाईसाठी लावलेले असतात. आपल्या खिडकीकडे उजेड जाणाऱ्या दिव्यांना झाकणे बसवून त्यांचा झोत खाली वळवला आहे.

इमारतीमागची शेड सायकलींसाठी आहे आणि मंजूर नकाशात ती दाखवलेली आहे. तिच्यामुळे अग्निशमनाचा मार्ग अडत नाही. जागेच्या वापराची परवानगी आणि बांधकामाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे वापराच्या परवानगीपत्रात शेडचा उल्लेख सापडत नाही. तो बांधकामाच्या नकाशात पाहावा लागतो. आपला गैरसमज बहुधा येथेच झाला असावा.

अधिकाऱ्यांविषयी आपण जे सुचवले आहे ते मी स्पष्ट शब्दांत नाकारते. आजवर झालेल्या प्रत्येक तपासणीचा अहवाल कार्यालयात आहे आणि त्यात अधिकाऱ्यांनी सुधारणा सुचवलेल्या नोंदीही आहेत. पुराव्याशिवाय केलेला असा आरोप ज्यांनी आपले काम नेटाने केले त्यांच्यावर अन्याय करणारा आहे, म्हणून तेवढे वाक्य आपण मागे घ्यावे, अशी माझी विनंती आहे. बाकीच्या अभिप्रायातील एकही शब्द बदलण्याची गरज मला वाटत नाही.

आपण फाटकावरच्या कर्मचाऱ्याकडे तक्रार केली आणि ती पुढे गेली नाही, असे आपण लिहिले आहे. तक्रार स्वीकारण्याचा अधिकार त्याला नसतो; ती कार्यालयातील नोंदवहीत लिहिली की तिला क्रमांक मिळतो आणि लेखी उत्तर द्यावे लागते. ही माहिती आता फाटकावरच्या फलकावर लिहिली आहे. परवानगीपत्र, मंजूर नकाशा, वाहतुकीची योजना आणि तपासणीचे अहवाल शाळेच्या कामकाजाच्या वेळेत कोणत्याही शेजाऱ्याला पाहता येतील. ते पाहूनही एखादी अट मोडली जात आहे असे आपल्याला वाटले, तर आपण नियोजन प्राधिकरणाकडे रीतसर तक्रार करावी. तपासणीला आम्ही पूर्ण सहकार्य करू. मात्र त्या तपासणीसाठी सकाळची नव्हे तर दुपारचे सत्र सुटण्याची वेळ मागावी, आणि शक्य झाल्यास पावसाळ्यातला दिवस मागावा, कारण रस्त्यावरचा खरा ताण तेव्हाच दिसतो.

आपली नम्र,
संचालिका