चादर किती लिटरची?

टॉप बॉक्स, म्हणजे मोटारसायकलच्या मागं कॅरियरवर बसवायचा डबा, घ्यायचा म्हटलं की दुकानदार आधी लिटर विचारतो. 36, 45 की 55? लिटर हे आपल्याकडे दुधाचं माप. पुण्याच्या मावशीकडे न्यायची चादर लिटरमध्ये मोजणारा इसम सोलापूरच्या चाटी गल्लीत अजून जन्मायचाय.

माझं माप सरळ आहे. एक फुलफेस हेल्मेट, रेनकोट आणि वर एक चादर म्हणजे 45 च्या आसपास. दोन हेल्मेटं हवी असतील तर 55 कडे बघा, पण हेल्मेटं काखोटीला मारूनच दुकानात जा. झाकण आतून उतरतं असतं आणि दुसरं हेल्मेट नेमकं तिथंच अडतं.

पण खरी गोम किलोत आहे. कॅरियर किती वजन पेलतो ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. समजा 7 किलो. त्यातले साडेचार रिकाम्या बॉक्सचे, एक खालच्या प्लेटचा. उरला दीड. आता चादर काट्यावर ठेवा, आणि शेंगाचटणीचं काय ते घरच्यांनाच विचारा.

जास्त भरलं तर काय होतं? बॉक्स मागच्या चाकाच्या आसाच्याही मागं लोंबतो. तिथलं वजन तरफेसारखं पुढचं चाक हलकं करतं आणि हात जरा सैल सोडला की हँडल थरथरायला लागतं. खड्ड्यात तेच वजन कॅरियरच्या वेल्डिंगवर आपटतं. तडा रंगाखाली जातो, दिसतो उशिरा. म्हणून प्लेट जमेल तितकी पुढं घ्या, पाना-पक्कड नि पाण्याच्या बाटल्या खाली साइड बॅगेत टाका, मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीपासूनचा ताण) वाढवा. प्लेटच्या बोल्टला नायलॉक नटच हवेत, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहजी सैल न होणारे. साधे नट फिरत फिरत टेंभुर्णीपर्यंत निरोप घेऊ शकतात. पहिल्या 100 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवायचाच.

कडक भाकरी मात्र बॉक्समध्ये नकोच. सगळ्यात जास्त उसळी तिथंच बसते, मावशीच्या हाती चुरा पडेल. न्यायचीच तर चादरीच्या घडीत.

अॅल्युमिनियमचा बॉक्स रुबाबदार खरा, पण आतून कोरा असेल तर घासून कपड्यांना काळं लावतो. पांढरी चादर पिशवीत घाला. प्लास्टिकचा हलका, पण मे महिन्यातलं आपलं ऊन त्याला पांढुरकं करतं. झाकणाचं रबर तपासायला पावसाची वाट बघू नका, सोलापुरात तेवढा धीर कुणाला? आत वर्तमानपत्र पसरा, झाकण लावा, दहा मिनिटं नळीनं पाणी मारा. कागद कोरडा तर बॉक्स चांगला. कुलूप लागलं म्हणून निघू नका, दोन्ही हातांनी हिसका देऊन बघा. झाकण बंद असणं वेगळं आणि बॉक्स प्लेटवर अडकलेला असणं वेगळं.

एवढं सगळं जमलं तरी पायाचा प्रश्न उरतोच. सवयीनं पाय मागून फिरवला की बॉक्सला लाथ, गाडी स्टँडवर डुलते आणि कट्ट्यावरून आवाज येतो, "काय बे, पार्सल कुणाचं?" पाय वाकवून सीटवरूनच पुढून काढायचा. घरी, दार लावून, आधी सराव करा.