गादी उचलून बघा एकदा

हॉटेलात खोली आवरणाऱ्या बायकांसाठी टिप ठेवावी की नाही, एवढ्यावरच तुम्ही तुमचा लेख संपवलात म्हणून लिहितेय. माझी नणंद महाबळेश्वरला एका हॉटेलात खोल्या आवरायची. अकराला गिऱ्हाईक बाहेर, दोनला नवं आत. मधे सात-आठ खोल्या. एका हाताने जड गादीचा कोपरा धरायचा, दुसऱ्याने चादर खोचायची, असे चार कोपरे. कंबर तिथेच गेली तिची. त्यात लोक बुटांचा लाल चिखल पांढऱ्या टॉवेलला पुसणार (घरी पुसतात का हो?), डाग निघाला नाही तर पैसे हिच्या पगारातून. एकटीने खोलीत शिरायची धास्ती वेगळीच. शिकागोत २०१७ साली कायदा करून हॉटेलांना अशा बायकांना धोक्यात मदत बोलावायचं बटण द्यायला लावलं. नणंद आपली ट्रॉली दारात आडवी लावून दार उघडं ठेवायची.