मोहेंजोदडोचे सांगाडे आणि अणुबॉम्बची गोष्ट

दर काही महिन्यांनी फिरणारा मजकूर असा: मोहेंजोदडोच्या रस्त्यांवर हातात हात घालून पडलेले शेकडो सांगाडे सापडले, ते आजही किरणोत्सर्गी आहेत, तिथल्या विटा वितळून काच झाल्या आहेत, अर्थात तिथे ब्रह्मास्त्र, म्हणजेच अणुबॉम्ब, पडला आणि शहर क्षणात संपले. एकेक मुद्दा पाहू.

‘रस्त्यांवर शेकडो सांगाडे.’ १९२२ ते १९३१ या काळात एवढे मोठे शहर खणले, तरी सिंधू संस्कृतीच्या काळातले म्हणता येतील असे सांगाडे मिळाले सुमारे ३७, तेही काही अर्धवट. पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ साली हा हिशेब मांडला आणि प्रत्येक सांगाडा नेमका कुठल्या थरात होता ते तपासले. बरेचसे ओस पडलेल्या घरांच्या राडारोड्यात होते, काही घाईघाईने उरकलेल्या दफनासारखे. आणि सगळे एका थरातले नव्हते. हा मुद्दा एकटाच पुरेसा आहे: एका क्षणी मेलेली माणसे वेगवेगळ्या काळांच्या थरांत कशी जातील? शिवाय शहराची रीतसर दफनभूमी अजून सापडलेलीच नाही, त्यामुळे जे हाती आले ते मुळात नेहमीच्या रीतीबाहेरचे मृत आहेत.

(दोष सगळा फॉरवर्ड करणाऱ्यांचा नाही, हेही सांगायला हवे. याच सांगाड्यांवरून पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात आर्यांच्या कत्तलीची गोष्ट रचली आणि थेट इंद्राला आरोपी केले. डेव्हिड डेव्हनपोर्ट आणि एत्तोरे व्हिन्चेन्ती या लेखकांनी १९७९ मध्ये अणुस्फोटाचा दावा गाजवला, तेव्हा आयते ‘हत्याकांड’ तयारच होते.)

‘सगळे एकदम मारले गेले.’ प्राचीन मानवी हाडांचे अभ्यासक केनेथ केनेडी यांनी ही हाडे तपासली. घावांच्या खुणा मिळाल्या त्या एखाद-दुसऱ्या सांगाड्यावर, आणि त्यातलीही एक जखम मृत्यूपूर्वीच भरून आलेली. हाड भरायला जिवंत शरीर आणि वेळ लागतो. उलट काही कवट्यांवर त्यांना दीर्घकाळच्या रक्तक्षयाची सच्छिद्र खूण दिसली. हिवतापानेही असा रक्तक्षय होतो; त्याचा संशय तिथून आला.

‘आजही किरणोत्सर्गी आहेत.’ कोणत्या प्रयोगशाळेने, कोणत्या उपकरणाने, किती मोजले? मजकुरात यातले काहीच नसते. अणुस्फोटातून पडणाऱ्या सीझियम-१३७ चे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे ३० वर्षे. चार हजार वर्षांत ते शंभराहून अधिक वेळा निम्मे होईल, म्हणजे मोजण्याजोगे काही उरणारच नाही. दुसऱ्या बाजूने, थोडा किरणोत्सर्ग प्रत्येक जुन्या हाडात असतो: कार्बन-१४ असतो म्हणून तर काळ ठरवता येतो. पुरलेले हाड भूजलातले युरेनियमही शोषते आणि पुरातत्त्वज्ञ त्याचा उपयोग हाड खरेच जुने आहे का हे ताडण्यासाठी करत आले आहेत. खऱ्या अणुबळीचे हाड काय सांगते तेही माहीत आहे. हिरोशिमातल्या एका मृताच्या जबड्यावरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याला बसलेली किरणोत्सर्गाची मात्रा काढली गेली: सुमारे ९.४६ ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक). पुरावा असा आकड्यात येतो.

‘विटांची काच झाली.’ मोहेंजोदडोत भट्ट्या होत्या. तिथल्या दगडासारख्या कठीण बांगड्या हजार अंशांच्या वर भाजल्या जात. भट्टीत जास्त भाजलेला माल वितळतो, चिकटतो, त्याला काचेसारखी झळाळी येते. विटांच्या बाबतीत त्यालाच खंगर म्हणतात.

‘शहर क्षणात संपले.’ मग भिंती आणि विहिरींची गोल बांधकामे उभी कशी? भोवतीची माती काढल्यावर काही विहिरी आज मनोऱ्यांसारख्या दिसतात. वरच्या, उशिराच्या थरांत मोठ्या घरांचे तुकडे पाडून केलेल्या लहान खोल्या आणि वस्तीतच थाटलेल्या भट्ट्या दिसतात. या गोष्टी घडायला पिढ्या लागतात, आणि तेवढा काळ तिथे माणसे राहत होती.