पद्मिनीच्या हॉर्नच्या तक्रारीबद्दल

नमस्कार साहेब,

आमच्या गॅरेजला तुम्ही दोन स्टार दिलेत. स्टिअरिंग कॉलमच्या (स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या नळीच्या) कामाचे पूर्ण पैसे देऊनही हॉर्न वाजेना, नंतर वाजायला लागला तो रात्री सोसायटीत गाडी डावीकडे वळवताना आपोआप, आणि 'रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डला बटण लावून अर्ध्या तासात मोकळं केलं असतं, यांनी गाडी पुन्हा ठेवून घेतली आणि वर वेगळं बिल लावलं', ही तुमची तक्रार. जुन्या गाड्यांचे मालक इथे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या 1975 च्या पद्मिनीत आधीच कोणीतरी हॉर्नसाठी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) घातलाय, आणि बरं केलंय. दोन हॉर्न मिळून 8-10 अँपिअर सहज ओढतात. तेवढा करंट स्टिअरिंगवरच्या रिंगमधून नेला तर कॉन्टॅक्ट जळतात. रिले असला की रिंग फक्त त्याच्या कॉइलला अर्थ (म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणी) देते, हॉर्नचा मोठा करंट बाहेरून जातो. पण तो अर्थ मिळायचा तर शाफ्ट (स्टिअरिंगचा दांडा), कॉलम आणि बॉडी एकमेकांना पक्के जोडलेले हवेत.

आम्ही आधी रिलेची 85 नंबरची, म्हणजे कॉइलच्या अर्थची पिन वायरने थेट बॉडीला लावली. दोन्ही हॉर्न खणखणीत वाजले. म्हणजे हॉर्न, फ्यूज, रिले यांत काही नव्हतं. मग शाफ्ट आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मीटर धरला, तर जोडणीच दाखवेना. कॉलमची नळी आणि ब्रॅकेट तुम्ही आमच्याकडे यायच्या आधीच बाहेरून पावडर कोटिंग करून आणले होते. कोटिंग देखणं झालंय, त्यात वाद नाही. पण त्यातून वीज जात नाही, आणि बोल्टखालीही तोच थर होता. गंजका ब्रॅकेट निदान अर्थ तरी देत होता! बोल्टच्या जागी कोटिंग खरवडून दातेरी वॉशर घातले, वर वेगळी अर्थची पट्टी ओढली. लगेच हॉर्न वाजला.

त्याच संध्याकाळी लग्नाला जायचं म्हणून तुम्ही गाडी नेलीत. 'कॉलममधली वायरिंग तपासायची बाकी' असं जॉबकार्डवर लिहून तुमची सही घेतली होती.

सोसायटीत जे झालं ते याच बाकी राहिलेल्या भागातून. इंडिकेटरची दांडी परत आणणारा कॅम शाफ्टबरोबर फिरतो. डावीकडे वळवलं की तो हॉर्नच्या वायरला घासत होता. वायरचं आवरण पन्नास वर्षांत कडक होऊन तडकलेलं, आतलं तांबं उघडं. कोणी रिंग दाबल्यासारखाच रिलेला अर्थ मिळायचा आणि हॉर्न सुरू. आधी का वाजत नव्हता? कारण कॉलमलाच अर्थ नव्हता. उघडी वायर टेकली तरी काही होत नव्हतं. पहिला दोष काढला तेव्हा दुसरा दिसला.

डॅशबोर्डवरच्या बटणाला मी नाही म्हटलं ते यासाठीच. बटण लावून कॉलममधली हॉर्नची वायर तोडली असती तर आवाज बंद झाला असता, पण त्याच जुडग्यात इंडिकेटरच्या वायरी आहेत. त्या तितक्याच जुन्या, आणि त्यांत पॉझिटिव्ह असतो. त्यातली एखादी आता नीट अर्थ झालेल्या कॉलमला टेकली तर हॉर्न नाही वाजत, शॉर्ट होतो. फ्यूज उडाला तर नशीब. शिवाय गिअर कॉलमवर. आंबा घाटात डावा हात गिअरवर असताना हॉर्नसाठी उजवा चाकावरून काढायचा का?

50 वर्षांवरच्या गाड्यांना 2021 च्या नियमाने मिळणारा 'व्हीए' मालिकेचा (व्हिंटेज गाड्यांचा) नंबर घ्यायचाय, असं तुम्ही म्हणाला होतात. खरं सांगायचं तर डॅशबोर्डच्या एका भोकाने तो अडत नाही. नियमाचा रोख चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनमधल्या बदलांवर आहे. पण मूळ पत्र्याला भोक पाडायचा माझाच हात होत नाही.

बिल वेगळं, कारण कॉलमच्या ठरलेल्या कामात वायरिंग नव्हतं. त्यात नवं जुडगं, हॉर्नच्या कॉन्टॅक्टचा नवा कार्बन आणि उद्यमनगरात लेथवर करून घेतलेलं नायलॉनचं बुश आहे. शोधाशोधीची मजुरी लावलेली नाही, बिल पुन्हा एकदा बघा.

जुनं जुडगं तुमच्या नावाच्या पिशवीत ठेवलंय. रविवार सोडून कधीही या, घासलेली जागा दाखवतो. येताना गाडी आणा. अर्थच्या पट्टीचे बोल्ट एकदा आवळून देतो, त्याचे पैसे नाहीत.