दोन टनांचा होइस्ट, तीन टनांचा विश्वास

अभिनंदन, मालक. अखेर तुमच्या शेडमध्येही होइस्ट आला, विजेवर वजन उचलणारा. इतकी वर्षं हातानं ओढायच्या चेन कुप्पीवर निघाली, पण आता डाय, म्हणजे साचे, जड झाल्या आणि पोरं हलकी. दोन टनांचा होइस्ट, खाली लोंबणारा पेंडंट, म्हणजे बटणांचा डबा, वर आय-सेक्शनचा एकच बीम. आता तो वापरायचा कसा, ते भोसरीतल्या आमच्या अनुभवावरून सांगतो.

बीम कुठं टांगायचा, हे डिझायनरला विचारून पैसे घालवू नका. छताच्या ट्रसला, म्हणजे पत्र्यांखालच्या लोखंडी सांगाड्याला टांगा. ट्रस पत्र्यांसाठी आणि वाऱ्यासाठी केलेली असते हे खरं, पण एरवी ती वर रिकामीच तर बसलेली असते! वजन उचलताना पत्रा कुरकुरेल. पावसाळ्यात नेमका तिथंच गळायला लागला, की पत्रेवाल्यावर ओरडायचं.

मोनोरेलचा, म्हणजे या एकुलत्या बीमचा, एक हट्ट असतो. होइस्टची चाकांची ट्रॉली बीमच्या खालच्या पट्टीवरून धावते, म्हणजे बीम जाईल तिथंच जाते. जॉब, म्हणजे उचलायची वस्तू, मात्र बीमखाली कधीच नसतो. टेम्पोवाल्यानं उतरवला तिथं, चार फूट डावीकडे असतो. अशा वेळी हूक तिरका न्या आणि जॉब फरशीवरून ओढून आणा. वायररोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, तो गुंडाळणाऱ्या ड्रमच्या खाचेतून निसटून एकावर एक चढेल, त्याला खाचेत ठेवणारा रोप गाइड तुटेल. तुटला की काढूनच टाका. नसलेली वस्तू पुन्हा तुटत नाही. काही महिन्यांनी रोपच्या तारा सुटून बाभळीच्या काट्यांसारख्या उभ्या राहतील. हेल्परला हातमोजे द्या. पुढच्या दिवाळीला.

जॉब हुकाला अडकवायची स्लिंगही आखूडच बरी. एक टनाचा जॉब आहे असं समजा. स्लिंगचे दोन पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असले, तर प्रत्येकावर साधारण ५८० किलोचा ताण येतो. स्लिंग आखूड करून तेच ३० अंशांवर आणा, प्रत्येकावर पुरता एक टन. जॉब तोच, ताण पावणेदोन पट, आणि तोही फुकट. एवढी बरकत दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

आता आमची एक गंमत ऐका. गुरुवारी सुटी, म्हणून वायरमननं त्या दिवशी मेन केबल बदलली. शुक्रवारी सकाळी ‘वर’ दाबलं तर हूक खाली. फेज उलटी लागली होती, म्हणून मोटर उलटी फिरत होती. दोन वायरींची अदलाबदल, पाच मिनिटांचं काम. पण डिस्पॅच होता. सुपरवायझरनं पेंडंटला पांढरी टेप चिकटवून पेननं लिहिलं: ‘उलटं दाबणे’. आठवडाभर झकास चाललं. एकच बारीक गोष्ट राहिली. हूक फार वर गेला की वरचा लिमिट स्विच वीज तोडतो, पण ती ‘वर’च्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे ‘वर’ बटणानं मोटर चालवणाऱ्या स्विचची, आणि आम्ही वर जात होतो ‘खाली’च्या कॉन्टॅक्टरवर. स्विच बिचारा इमानानं ड्युटी करत होता, भलत्याच बटणाची. हूक ब्लॉक ड्रमवर जाऊन आदळला, रोप तुटला आणि हूक खाली येऊन फरशीत रुतला. रिकामा होता म्हणून बरं. हेल्पर तंबाखू मळायला बाहेर गेला होता, म्हणून जास्त बरं. खड्डा सिमेंटनं भरला. टेप अजून आहे.

१९४८च्या कारखाना कायद्यानं कलम २९ मध्ये लिहून ठेवलं होतं, की उचलण्याच्या यंत्राची १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीनं कसून तपासणी करावी. घाबरू नका. आमच्याकडे येणारे सक्षम गृहस्थ खुर्चीत बसूनच वर बघतात. चहा येईपर्यंत सर्टिफिकेट तयार असतं, आणि त्यावर रोपची स्थिती दरवर्षी ‘समाधानकारक’ असते. रोप नवा टाकला त्या वर्षीही तीच होती.

खंडेनवमीची पूजा मात्र चुकवू नका. हार घालायला एक पोरगं शिडीवर चढतं. वर्षभरात होइस्टपर्यंत पोचणारा तो एकटाच माणूस. गेल्या साली ते उतरून म्हणालं, “काका, ब्रेकचं झाकण नुसतं लोंबतंय.” आम्ही त्याच्या हातावर पेढा ठेवला, नारळ फोडला. झेंडूचा हार बरोबर ‘२ टन’ लिहिलेल्या जागेवर बसला होता. आकडा दिसेनासा झाला ते बरंच झालं, कारण दुपारी अडीच टनांची डाय उतरवायची होती.