कॅम्प लागलाय

मे महिन्यातल्या वळवानं आमचा जुना मॉडेम खाल्ला. रात्री एकच असा कडाडला की बेळगावातलं आमचं अख्खं वडगाव उठून बसलं, आणि सकाळी बघतो तर मॉडेमवर एक दिवा नाही, वास मात्र करपलेल्या फोडणीचा. मला आधी वाटलं वीज नेटच्या केबलमधनं शिरली, पण फायबर म्हणजे काच, त्यातनं वीज येत नाही, ती आली लाइटच्या बोर्डातनं अडॅप्टरवाटे. म्हणजे चूक माझीच, ढग आले की प्लग काढ म्हणून आई रोज सांगते आणि मी रोज हूं म्हणतो.

दोन दिवसांनी कुरिअरनं नवीन मॉडेम आला. माणूस नाही का येणार विचारलं तर म्हणे सर, एकदम सोप्पं आहे, तुमचं तुम्हीच जोडा. सोप्पं म्हणणाऱ्याला घरी बोलवून एकदा आमच्या कपाटाच्या मागं बसवायला पाहिजे.

खोक्यात मॉडेम, 12 व्होल्टचा अडॅप्टर, हातभर पिवळी वायर आणि एक घडीचा कागद. कागदावर कन्नड, इंग्रजी, हिंदी. मराठी नाही. त्याचं काय नाही, बेळगाव आताच्या कर्नाटकात गेलं त्या 1956 पासनं सवय आहे.

फायबरचं हिरवं टोक मॉडेमच्या हिरव्या भोकात घातलं. (निळं टोक पण असतं, ते सरळ कापलेलं असतं, हिरवं 8 अंशात तिरकं, म्हणून हिरव्यात हिरवंच घालायचं, निळं नाही. एवढं मला आता झोपेत पण सांगता येतं.) टिक वाजलं, बटण दाबलं. पॉन नावाचा दिवा हिरवा होऊन थांबायला पाहिजे होता, तो लुकलुकतच राहिला, आणि शेजारचा एलओएस लाल. एलओएस लाल म्हणजे पलीकडनं उजेडच पोचत नाही.

मग मी टोक काढलं, फुंकर मारली, बनियनला पुसलं आणि परत घातलं. फुंकर मारणं आणि बनियनला पुसणं, हे दोन्ही करायचं नसतं हे नंतर कळलं. त्याच्यावर कडी म्हणजे आईच्या बांगडीतली सेफ्टी पिन मागून घेतली आणि मागच्या बारक्या भोकात 10 सेकंद दाबून धरली. रीसेट. म्हणजे कंपनीनं आत भरून पाठवलेलं युजरनेम-पासवर्ड मी स्वतःच्या हातानं पुसून टाकलं.

"काय करूलैस रे तितं तासभर?" आई.

"नेट."

"हातात तर पिन हाय."

शेवटी फोन लावला. कन्नडसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. तीन दाबून वीस मिनिटं सनई ऐकली, मग कट करून एक दाबला, लगेच माणूस. माझे दोन्ही हात कपाटाच्या मागं अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून आईच्या हातात दिला. शेजारी मागाची खटखट चाललेली, त्यात तो माणूस विचारतो, "अम्मा, केंप लाइट ऐतेन्री?"

आता कन्नडात केंप म्हणजे लाल, हे आईला ब्याडगी मिरची घेताना बरोबर कळतं. पण लाइट म्हटल्यावर तिच्या डोक्यात वेगळंच आलं, बेळगावातला कॅम्प, म्हणजे लष्कराचा भाग.

"कॅम्पातलं आमाला काय म्हाईत नाही ओ, आमी वडगावात ऱ्हातो. हितं लाइट हाय."

"केंप, केंप! ऐतो इल्लो?"

"कॅम्पात गेली आसंल की, पाऊस झालाय. तुमी तितल्या लाइनमनला विचारा."

मी कपाटामागनं ओरडलो, आई, लाल, लाल दिवा! तोपर्यंत तो बिचारा हिंदीवर आला होता. म्हणाला, वायर कुठं मुडपलीय काय बघा.

बघितलं. नेट बंदच आहे तर कपाटाच्या मागचं झाडून घेऊ असं आईनं परवा ठरवलेलं, आणि लोंबणारी वायर बोटांवर गुंडाळून तिची सुपारीएवढी गुंडी केली, पावाच्या पुडीच्या तारेनं करकचून बांधली आणि कॅलेंडरच्या खिळ्याला टांगली. बघायला इतकी सुबक की सोडवताना मला वाईट वाटलं. काचेची तार अशी आवळून वळवली की उजेड वळणावरच बाहेर गळतो, पुढं जातच नाही. गुंडी सोडली, ताटाएवढं सैल वेटोळं केलं, लाल दिवा गेला, पॉन हिरवा.

मग त्याच माणसाकडनं युजरनेम-पासवर्ड लिहून घेतला, ब्राउझरमधे मॉडेमचा पत्ता 192.168.1.1 टाकून आत भरला. वायफायचं नाव आणि पासवर्ड मात्र जुनाच ठेवला, म्हणजे घरातले फोन परत जोडत बसायला नको. चार फोन आपोआप लागले. यादीत बघितलं तर सात. आम्ही घरात चौघंच. उरलेले तीन कुणाचे ते मला माहीत आहे, कारण गेले दोन दिवस समोरच्या वहिनी आमच्या मॉडेमची चौकशी माझ्यापेक्षा जास्त काळजीनं करत होत्या.

तारेचं वेटोळं आता खिळ्यावर सैल लोंबतंय, आईला ते बघवत नाही. काल मी ऑफिसच्या मीटिंगमधे असताना स्क्रीन अडकला आणि आतनं तिचा आवाज आला, "मी काय हात लावला नाही हां! पण ते बघ, कॅम्प लागलाय."