पान 42

या वर्षी मी ठरवून दोनच प्रकारच्या कादंबऱ्या वाचल्या. एका प्रकारात माणसं एकमेकांवर मरतात, दुसऱ्यात एकमेकांना मारतात. गंभीर साहित्य वाचून चष्म्याचा नंबर तेवढा वाढला होता, बाकी काही वाढल्याचं घरच्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आमच्या पेठेतल्या वाचनालयात या पुस्तकांचं कपाट सगळ्यात मागे, माठाशेजारी आहे. शाळेत असताना दादा आणि मी याच कपाटावर पोसलो. घरात एकच कार्ड, त्यावर एकच पुस्तक, आणि आधी कोणी वाचायचं यावरून रोज महाभारत. आता कार्ड माझं एकटीचं. भांडायला कोणी नाही, सुखच म्हणायचं.

प्रेमकथांबद्दल फारसं गाऱ्हाणं नाही. शेवट मुखपृष्ठावरच काढलेला असतो. फक्त पान 86 वर दोघं भिजत भिजत पडक्या देवळात शिरतात आणि पुढचं पान एकदम 89, तिथे बारशाच्या घुगऱ्या शिजतायत. मधलं कोणीतरी फाडून घरी नेलं आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ 1962 साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नाही असा निकाल दिला. आमच्या आत्याला तो निकाल अजून मान्य नाही. माझ्या हातात काकोडकर दिसले की ती आजही विचारते, “दार उघडं ठेवून वाचतेस?”

खरा छळ मांडला तो रहस्यकथांनी. रविवारची दुपार, जेवणं झालेली, नवरा घोरतोय. पुस्तकात बंगल्यात प्रेत, दिवाणखान्यात सहा जण, बाहेर वादळ, टेलिफोनची तार तुटलेली. पान 42 वर म्हातारा माळी चहाचा ट्रे घेऊन येतो. त्याच्याखाली शिसपेन्सिलीची रेघ आणि समासात बारीक अक्षरात, ‘हाच रवुनी’. मला क्षणभर वाटलं माळ्याचं नावच रवुनी असेल. मग उजेड पडला. लिहिणाऱ्याला ‘खुनी’ म्हणायचं होतं, ‘ख’ खाली जोडायचा राहिला होता.

पुढची दीडशे पानं इन्स्पेक्टर सगळ्यांच्या जबान्या घेत होता आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो साहेब, तो बघा गुलाबांना पाणी घालतोय!

दुसरं पुस्तक आणलं. त्यात रवुनी डॉक्टर. तिसऱ्यात मावशी. एका ठिकाणी तर ‘ही रवुनी नाही पण दागिने हिनेच चोरले’ अशी जादा माहिती. वेषांतर केलेला डिटेक्टिव्ह फकीर होऊन दारात उभा राहिला, की समासात लगेच ‘दाढी रवोटी’. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. इतक्या वेळा गुपित राखायला त्या माणसाने काय कष्ट उपसले असतील, आणि ते फोडायला दोन इंचाची पेन्सिल पुरली! सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणीसुद्धा तिच्या तावडीतून सुटले नाहीत.

शेवटी इंग्रजी कपाटाकडे पळाले. तिथे पेन्सिल पोचली नव्हती. डॅफ्ने द्यू मोरिएची 1938 ची ‘रेबेका’ तिथेच मिळाली आणि यंदाची सगळ्यात आवडती तीच. प्रेम आणि भीती एकाच घरात नांदतात. गोष्ट सांगणाऱ्या बायकोचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, मेलेल्या सवतीचं मात्र पानोपानी. (सासरी पहिली दोन वर्षं मीही नुसती ‘धाकट्या वहिनी’ होते.) मग अगाथा ख्रिस्तीचं 1926 चं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. खुनी कळला तेव्हा पुस्तक मिटून पंधरा मिनिटं भिंतीकडे बघत बसले. कोण ते सांगणार नाही. मी काय पेन्सिलवाली आहे?

पण डोक्यातून रवुनी जाईना. तपास हाती घेतला. पुस्तकांच्या मागे तारखांची चिठ्ठी असते, तिच्यावर सभासद क्रमांकही असतो. चार पुस्तकं ताडून पाहिली. चारहीत मे 1986 आणि चारहीत निळ्या शाईत 614. म्हणजे सुट्टीत मोकाट सुटलेलं कार्टं. दादाला फोन लावला.

“614 नंबरचं कार्ड कोणाचं असेल रे?”

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, “चिमे, आपलं.”

“म्हणजे तू...”

“मी? मी तुझ्यानंतर वाचायचो. अख्खी सुट्टी फुकट घालवलीस माझी. बाईंनी तुला शंभर वेळा ‘खटारा’ लिहायला लावला होता, तू शंभर वेळा ‘रवटारा’ लिहून आलीस. आता मोबाइलवर टाइप करतेस म्हणून झाकून राहिलंय.”

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला गेले. काउंटरवरच्या काकांनी पानं चाळली, 42 वर थांबले आणि चष्मा कपाळावर चढवला.

“ताई, कोण करत असेल हो असं?”

“काय माहीत, काका,” मी म्हटलं. त्यांनी सहीसाठी रजिस्टर पुढे सरकवलं. ‘गोखले’मधला ‘ख’ मी सावकाश, नीट खाली जोडून काढला.